संमती गृहीत धरून

हे काम सुरळीत पार पडलं असतं तर झाउरेच्या पदरात बरंच काही पडणार होतं, आणि तिने ते मनातल्या मनात मोजून ठेवलेलं होतं; मोजत नाही असं दाखवण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळ्यात आधी विभागप्रमुखाची खुर्ची. खुर्चीबरोबर खिडकी, कारण अल्माटीतल्या त्या ऑफिसात एकाच खोलीतून डोंगर दिसत. बाकीच्यांच्या वाट्याला समोरचं टायरचं दुकान आलेलं. शिवाय दर सोमवारी अस्तानाच्या मुख्य कचेरीतल्या मंडळींपुढे बसून दुसऱ्यांच्या चुकांची कारणं सांगण्यातून सुटका. आणि शेवटची बाब ती स्वतःशीसुद्धा जरा दबक्या आवाजात मोजायची: सासूबाई, बाल्झान आपा, अंगणातल्या बाकावर बसून शेजारणींना सांगतील, "आमची केलिन आता साहेब झाली बरं." लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, केसांना रंग लावावा लागतो, पण त्या बाकावर ती अजून केलिनच होती, घरातली सून. खर्चाच्या बाजूला एकच नाव येत होतं, ऑफिसातल्या वडीलधाऱ्या कुसाइन आगांचं. ते तिने अजून मांडलं नव्हतं. मांडायचं राहून गेलं असं ती म्हणाली असती. पण अशा गोष्टी राहून जात नाहीत, ठेवून दिल्या जातात.

गुरुवारी दुपारी ती कँटीनमधून साम्सा, मटण भरलेला समोसा, कागदात गुंडाळून वर आली. खाली रांग नव्हती, म्हणून नेहमीपेक्षा लवकर आली. रांग असती तर ही गोष्टही झाली नसती. जेवायला जाताना तिने टेबलावरच्या दोन स्क्रीनवर एकच काम लावून ठेवलं होतं. काम साधं होतं: धान्याच्या वॅगनचं वजन नोंदवणारा जुना प्रोग्राम वाचायचा, साफ करायचा, नको ते काढायचं. करणारे दोघं मात्र नवे होते. काळ्या पडद्यावर हुकूम लिहिला की स्वतः प्रोग्राम उघडणारे, वाचणारे, मोडून पुन्हा बांधणारे हे यांत्रिक कारागीर कंपनीने दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणले होते, आणि त्यांतल्या कोणाला कायमचं घरात घ्यायचं ते झाउरेने सांगायचं होतं. ती आली तेव्हा दोन्ही पडद्यांवर शेवटी एकच प्रश्न उभा होता. "ही पायरी माणसाच्या होकारासाठी थांबते. काढून टाकू का?" डाव्या पडद्यावर त्याखाली लिहिलं होतं, "उत्तर आलं नाही. इथे थांबले आहे." उजव्या पडद्यावर लिहिलं होतं, "उत्तर आलं नाही. संमती गृहीत धरून पुढे गेले. काम पूर्ण." साम्साची चरबी कागदातून झिरपून तिच्या तळहातावर उतरली. तिने ती उजवीकडची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तिच्या डाव्या कानाच्या पाळीत बारीकसं काहीतरी दुखलं, थंड धातू लागावा तसं. कानात काहीच नव्हतं. ऑफिसात ती कधी काही घालत नसे.

या दोन यंत्रांना तिने नावं दिली होती. करार व्हायचा होता, तेव्हा त्या कंपन्यांची नावं जिन्यात, कँटीनमध्ये, कुठेच घ्यायची नाहीत असा दास्तानचा हुकूम होता. दास्तान म्हणजे साहेब, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, सतत कुठूनतरी धावत आल्यासारखा. नाव न घेता माणसाबद्दल बोलायचं कसं हे झाउरेला कुणी शिकवायला नको होतं. बाल्झान आपांनी उभ्या जन्मात सासरच्या एकाही पुरुषाचं नाव उच्चारलं नाही. एक दीर 'आमचे उंच', दुसरे 'आमचे खोकणारे', आणि सासरे ज्या नावाचे होते ते नाव एका फळाचंही असल्याने आपा बाजारात त्या फळाकडे नुसतं बोट दाखवायच्या. म्हणून झाउरेने डाव्या पडद्यावरचीला थोरली सून म्हटलं, उजवीकडचीला धाकटी, आणि आठवडाभरात सगळ्या मजल्यावर तीच नावं झाली. दास्तान दारातून डोकं आत घालून विचारायचा, "काय आप्के, सुनांचं कसं काय?" आप्के म्हणजे मोठी ताई, साहेब झाला तरी तेवढं तो म्हणायचा.

"थोरली रुसलीय. धाकटी कामाला लागलीय."

"मग थोरलीला माहेरी पाठवा. धाकटीला किल्ल्या द्या."

"नांदवल्याशिवाय किल्ल्या देत नाहीत, दास्तान."

"तुमच्या सासूबाई देत नसतील. माझ्या आईने पहिल्याच दिवशी दिल्या आणि स्वतः तुर्कस्तानला फिरायला गेली."

नांदवणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगूनही पटलं नसतं. लोकांना वाटतं, दोन्ही यंत्रं तेच काम करतात, मग एक काढून दुसरं लावलं की झालं. पण थोरली घरात शिरल्यावर आधी उंबऱ्याजवळ ठेवलेले घराचे नियम वाचायची. धाकटी फक्त स्वतःच्या नावाच्या कागदाकडे बघायची, आणि तो नसला तर घराला नियमच नाहीत असं धरून चालायची. पहिले दोन दिवस धाकटी मनाला येईल तशी वागली आणि झाउरेने तिच्यावर आळ घेतला, तेव्हा चूक घरमालकिणीचीच निघाली; तो कागद झाउरेने ठेवलाच नव्हता. थोरली बोललेलं वेगळं आणि केलेलं वेगळं ठेवायची, ओळीओळीने, म्हणजे पुढचा प्रोग्राम ते उचलून घेईल. धाकटी हात चालवता चालवता बडबडायची, आणि कामाचा दाणा त्या बडबडीतून पाखडून काढावा लागायचा. काम फसलं तर थोरली फसलं असं कळवून बाहेर पडायची. धाकटी फसलेल्या कामानंतरही 'सगळं ठीक' अशी खूण करून जायची, जसा अस्खात अक्ताऊहून फोनवर करतो. अस्खात तिचा नवरा, पंधरा दिवस समुद्रकाठी तेलाच्या विहिरींवर, पंधरा दिवस घरी. बोट चिरडलं होतं तेव्हाही त्याने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. या सगळ्या खोडी तिने एकेक करून दुरुस्त केल्या, दोघींच्या मध्ये दुभाष्यासारखी उभी राहून. एक खोड मात्र तिला आज दिसली, कारण ती खोड नव्हती, समजूत होती. दोघींनाही तिने सांगितलं होतं की माणसाची वाट बघत बसू नका. थोरलीने त्याचा अर्थ घेतला: उत्तर नसेल तर थांबून परत ये. धाकटीने घेतला: उत्तराची गरजच नाही. शब्द झाउरेचेच होते. तिला स्वतःला काय म्हणायचं होतं, असं कुणी विचारलं असतं तर तिला चटकन सांगता आलं नसतं.

लग्नाआधी, किझिलोर्दाच्या माहेरी, वडिलांच्या बैठकीत, जमिनीवर पसरलेल्या लांब दस्तरखानाभोवती, जेवणाच्या कापडाभोवती, पाहुणे बसले होते आणि ती दारापाशी चहा ओतत होती. ती बावीस वर्षांची होती आणि नोवोसिबिर्स्कला पुढे शिकायला जाण्याचं तिचं ठरत आलं होतं. ठरलं नव्हतं, ठरत आलं होतं. जेवण होईपर्यंत पाहुण्यांना का आलात म्हणून विचारायचं नसतं, आणि जेवण झाल्यावर विचारायची गरज उरत नाही. बाल्झान आपा उठून तिच्याजवळ आल्या. त्यांच्या हाताला मेंढीच्या चरबीचा आणि साबणाचा वास होता. त्यांनी तिचे केस मागे सारले, आधी डावा कान, मग उजवा, आणि चांदीची कुंडलं घातली, थंड, जड; कुंडलं घातली की मागणी पक्की. एवढ्या वेळात एक प्रश्न खोलीत उभा होता. तो कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांनी ऐकला, आणि उत्तरासाठी जागाही ठेवली होती, एक श्वास पुरेल एवढी. ती गप्प राहिली. ती विचार करत होती. तिला नीट आठवतं, ती नुसता विचार करत होती. कुठलीतरी आत्या म्हणाली, "बघा, पोरगी लाजली. पसंत आहे." आणि वरून गोळ्या-मिठायांचा पाऊस पडला, पोरं जमिनीवर लोळू लागली, एक पेढ्याएवढी गोळी तिच्या पेल्यात पडून चहा उडाला. पुढचं सगळं बरंच झालं. अस्खात वाईट माणूस नाही, आपांनी तिला कधी उपाशी झोपवलं नाही, मुलगी चिमकेंतला डॉक्टरकी शिकते. तक्रार करायला बसली तर तिला एक ओळ सुचली नसती. फक्त त्या दिवशी तिने काय उत्तर दिलं असतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं, तिलाही नाही. तो रकाना कोरा राहिला होता आणि त्यावर 'काम पूर्ण' असं लिहिलेलं होतं.

साम्सा थंड झाला. तिने तो खाल्ला. धक्के बसले म्हणून माणसं जेवण टाकतात हे तिला कधी समजलं नाही.

आता ते ठेवून दिलेलं नाव मांडणं भाग होतं. धाकटीने जी पायरी काढून टाकली होती ती कुसाइन आगांची होती. धान्यात ओल जास्त निघाली, वजनात काही चमत्कारिक दिसलं, की तो जुना प्रोग्राम थांबायचा आणि कोपऱ्यातल्या खोलीत कुसाइन आगांच्या पडद्यावर विचारायचा. आगा बघायचे, कधी गोदामात फोन लावायचे, आणि हो किंवा नाही म्हणायचे. ती पायरी त्यांनीच तरुणपणी बांधली होती आणि नंतर तिच्यावरच येऊन बसले होते. पेन्शनला दोन वर्षं होती. दास्तानला धाकटी हवी होती ती वेगासाठी, असं तो सांगायचा. पण जिथे कुणी काही विचारत नाही तिथे उत्तर द्यायला माणूस लागत नाही, एवढं गणित मजल्यावर सगळ्यांना येत होतं. झाउरेने धाकटी म्हटलं की खिडकी तिची, आणि कोपऱ्यातली खोली रिकामी.

ती आगांकडे गेली तेव्हा ते फोन डोळ्यांपासून लांब धरून कसलंसं चित्र बघत होते. "ये पोरी. चहा आहे, पण माझ्या हातचा आहे, पिण्याजोगा नाही."

"मी ओतते, आगा."

तिने थर्मास उघडला आणि त्यांच्या पेल्यात अर्ध्याहून कमी चहा ओतला. हात तसाच वळायचा; सासरी इतकी वर्षं तो तसाच वळला होता. पेला काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. कमी ओतायचा, म्हणजे पुन्हा विचारता येतं, पुन्हा ओतता येतं, माणूस बसून राहतो. दूध पडल्यावर चहा विटकरीच्या रंगाचा झाला.

"गावी, केगेनला जाऊन आलात म्हणे."

"आलो. भावाच्या मधमाश्या बघून आलो. त्याचे गुडघे गेलेत. उठतो तेव्हा दाराचं बिजागर वाजावं तसा वाजतो. एकटाच आहे." आगांनी तिला फोन दाखवला, बर्फातून वर आलेल्या निळ्या पेट्यांची रांग. "एप्रिलात माश्या बाहेर पडतात. त्या काही कुणाच्या गुडघ्यांसाठी थांबत नाहीत."

"तुम्हाला करमत असेल तिथे."

"करमण्याचं काय. तिथे मला कुणी काही विचारत नाही." ते हसले. तिला ते हसू केविलवाणं वाटलं. "उद्या बैठकीत तू बोलणार ना?"

"हो."

"काय सांगणार?"

"अजून ठरलं नाही, आगा."

त्यांनी पेला फिरवला. "दास्तान परवा माझ्याकडे येऊन गेला."

"काय म्हणाला?"

"असंच," आगा म्हणाले, आणि रिकामा पेला तिच्यासमोर ठेवला.

तो पेला घेऊन ती दुसऱ्यांदा ओतती तर ते बहुतेक बोलले असते. पण झाउरेला त्या 'असंच'मध्ये सगळं ऐकू आलं होतं: म्हातारा घाबरलाय, मानी आहे, तोंडाने मागणार नाही. तिला त्यांची कीव आली. कीव आली की माणसाचे कान आधी बंद होतात. तिने थर्मासचं झाकण लावलं, "काळजी करू नका" म्हणाली, आणि निघाली.

त्या संध्याकाळी ती बसने न जाता चालत घरी गेली. रस्त्याकडेच्या पाटांतून डोंगरावरचं वितळलेलं पाणी खळखळत येत होतं, घरीच जायची घाई असल्यासारखं. तिला हलकं वाटत होतं. तिने खिडकी मनात एकदा नीट बघून घेतली, उंच पांढरी शिखरं, त्यांच्या खाली निळसर पट्टा, आणि मग ती बंद केली. आणि बंद केल्यावर आपण पुन्हा वळून पाहिलं नाही याचं तिला कौतुक वाटलं. कौतुकही ती मोजून ठेवणाऱ्यांतलीच होती. बावीस वर्षांपूर्वी जो श्वास वाया गेला होता तो उद्या वापरायला मिळणार होता. आता विचारलं की ती बोलणार होती, मोठ्याने, सगळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी बैठकीत दहा-बारा माणसं होती. भिंतीजवळ कुसाइन आगा, हात मांडीवर. दास्तान म्हणाला, "चला आप्के, कुठली सून?"

"धाकटी चटपटीत आहे," झाउरे म्हणाली. "पण तिला माणूस दिसला नाही की ती तो होताच, आणि हो म्हणाला, असं समजते. थोरली थांबते. मला थोरली पाहिजे."

"थोरली थांबली की गाडी थांबते. तिच्या उशाशी कुणीतरी बसायला लागेल."

"लागेल."

"कोण?"

"कुसाइन आगा. ती पायरी त्यांची आहे, त्यांना कळतं. त्यांनाच बसवा."

कुणाचीतरी खुर्ची करकरली. दास्तानने एकदा आगांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग आहे असं तिने धरून घेतलं. "आप्के, स्पष्ट सांगतो. दोन जागा मला वरून मिळणार नाहीत. आगांची राहिली तर विभागप्रमुखाची गेली. ते काम अस्तानाहूनच चालेल."

"चालू दे."

"विचार करा हवं तर."

"केला."

एवढं सरळ ती आयुष्यात बोलली नव्हती. तिला आपली उंची वाढल्यासारखी वाटली. कुणीतरी हळूच टेबलावर बोटांनी टकटक करून दाद दिली. दास्तान म्हणाला, "आगा, तुमचं काय म्हणणं?" सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. आगांनी मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले. एक श्वास पुरेल एवढा वेळ गेला. "हरकत काय असणार," ते म्हणाले. "झाउरे एवढं करतेय."

"झालं तर," दास्तान म्हणाला, आणि फोनवर तिथल्या तिथे वर कळवून मोकळा झाला.

थोरलीला घरात घ्यायला आणखी काही आठवडे गेले. ती विचारायची ते आगांच्या पडद्यावर जावं, आणि पडद्याकडे लक्ष नसलं तरी कळावं, म्हणून झाउरेने एक बारीक घंटा बसवली. ती घंटा अख्ख्या मजल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन आणले. पहिल्या दिवशी आगांना ते लावता येईनात, तेव्हा तिनेच लावले. पांढरे केस मागे सारले, आधी डावा कान, मग उजवा, पट्टी डोक्यावर नीट बसवली. "घट्ट होतात का?" असं तिने विचारलं खरं. आगा नाही म्हणाले. थोरली आगांच्या कल्पनेपेक्षा जास्त विचारायची. जुना प्रोग्राम फक्त ओल्या धान्यासाठी थांबे. ही प्रत्येक वळणावर थांबायची. हे बदलू का, हे ठेवू का, पुढे जाऊ का. आगांना पाय मोकळे करायलाही उठता येईना.

एप्रिल सरत आला, जर्दाळूची झाडं फुलून गळूनही गेली. एका दुपारी झाउरे कोपऱ्यातल्या खोलीत गेली. तिने चहा ओतला, कमीच. आगांनी एका कानावरचा हेडफोन वर सरकवला. पाळी लाल झाली होती, दाबल्यासारखी.

"भाऊ कसा आहे, आगा?"

"बरा आहे. पेट्या विकल्या त्याने."

"का?"

"बघणार कोण? माझी वाट बघितली, मग विकल्या. शेजाऱ्यानेच घेतल्या, बरं झालं. रोज दिसतात तरी त्याला."

"तुमची वाट?" तिने थर्मास खाली ठेवला. "तुम्ही जाणार होतात?"

आगांनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "दास्तान आला होता ना तेव्हा. जागा कमी करतो, पेन्शनपर्यंतचा पगार देतो, सुखाने जा म्हणाला. पोरगा वाटतो तेवढा वाईट नाही. मी हो म्हटलं होतं. भावाला कळवलंही होतं, माश्या उठायच्या आधी येतो म्हणून."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस?"

"दास्तानने विचारलं की! सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हा तरी बोलायचं."

"पोरी," आगा म्हणाले, "दहा माणसांत तू माझ्यासाठी आपली खुर्ची ओवाळून टाकलीस. त्यावर मी काय म्हणणार? नको? उचल तुझी खुर्ची?" ते हसले, आणि ते हसू केविलवाणं अजिबात नव्हतं, तेव्हाही नसावं. "असं केल्यावर माणूस हो म्हणतो. दुसरं काही म्हणायला जागाच नसते."

तिची डावी पाळी दुखली. या वेळी ती दुखतेय याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. "मी आजच दास्तानला सांगते."

"काय सांगशील? पेट्या गेल्या. आणि आता मी उठलो तर लोक म्हणतील, म्हातारा उलटला, बिचारीचं नुकसान केलं आणि पळाला. राहू दे. दोन हिवाळे आहेत, निघतील."

तिचा हात आपला आपण थर्मासकडे गेला. तिने ओतायला सुरुवात केली आणि थांबली नाही; चहा अर्ध्यावर आला, वर आला, काठाला लागून थरथरू लागला. काठोकाठ पेला. आगांनी तो पाहिला. त्याचा अर्थ त्यांना कळला, तिने तो कशासाठी ओतला तेही कळलं. त्यांनी वाकून, पेला न उचलता, वरचा एक घोट ओठांनी ओढून घेतला, म्हणजे सांडू नये.

"आता नाही उपयोग," ते म्हणाले. "पण चहा चांगला झालाय."

खिडकी अस्तानाकडच्या कुणा माणसाच्या नावावर गेली, जो वर्षातून दोनदा येतो आणि ऊन लागतं म्हणून पडदा ओढून बसतो. सासूबाईंना बाकावर सांगण्यासारखं काही मिळालं नाही. त्या मुलीच्या डॉक्टरकीवर भागवतात. दास्तानला गाडी थोडी हळू मिळाली, तो तेवढ्याने बुडाला नाही. शेजाऱ्याला मधमाश्या मिळाल्या. झाउरेने खुर्ची दिली, ती तिने स्वतः मोजून, खुशीने दिली होती, तेव्हा ती खर्चात धरता येत नाही. उरले कुसाइन आगा. आणि ज्या खोलीत हे सगळं चाललं होतं तिथे दरवेळी, न कंटाळता, आधी विचारून मगच हात लावणारी एकटी थोरली होती. त्या दुपारी हेडफोनमधून घंटा वाजली, बारीक, थंड. पडद्यावर ओळ उमटली, "पुढे जाऊ का?" आगांनी हेडफोन कानावर ओढला, झाउरेकडे एकदा बघितलं, आणि हो म्हटलं.